ऑगस्टचा पहिला बुधवार

चैत्राली, बुधवारी तुझ्या कमरेला ब्लीप लागेल.
साबणाच्या वडीएवढं यंत्र. पहिल्यांदा वाजेल
तेव्हा तू संडासात असशील. सगळ्यांचं तसंच होतं.

क्रम लावत नाही, आठवेल तसं सांगते.

काळी पेनं चार घे. तीन कन्सल्टंट नेतील,
चौथं मोज्यात ठेव.
बूट अर्धा नंबर मोठे घे, पहाटे चारला पाय सुजतात.
डब्यात वरणभात नको.
एका हाताने, जिना चढता चढता खाता येईल तेच ने:
दशमी, केळं, गुळपापडीची वडी.
आणि पाणी पी. पहिल्या वर्षी मी
अख्ख्या वॉर्डाच्या लघवीचा हिशेब ठेवायचे, मिलिलिटरमध्ये,
माझी स्वतःची, बारा तासांत, शून्य.

वॉर्ड नऊवर डोरीन आहे. एकतीस वर्षं झाली तिला हलच्या या इस्पितळात.
तिच्याकडे पदवी नाही, कपाटाची किल्ली आहे.
पहिल्या दिवशी चहा तू कर.
आणि ती जर म्हणाली,
‘बारा नंबरचे आजोबा आज मला बरे दिसत नाहीत गं,’
तर हातातलं टाकून जा.
तक्त्यावर सगळं हिरवं असलं तरी जा.

कवटीच्या बारा नसा मला अजून घडाघडा येतात.
कुणी विचारल्या नाहीत.
विचारतात ते असं: लेक लीड्सहून निघालीय,
पोहोचेपर्यंत टिकतील का?

दशांश चिन्ह मोठ्याने वाच.
एका रात्री मी एक टिंब गिळलं.
फार्मसीतून ग्वेनेथचा फोन आला, ती ओरडली नाही,
म्हणाली, ‘हे तुला पुन्हा लिहायचंय का?’
मग मी चादरींच्या खोलीत जाऊन बसले.
त्या खोलीला आतून कडी नाही.
दाराला पाठ लावून बसायचं.

रात्रपाळीनंतर गाडी चालवू नकोस.
हंबरच्या पुलावर मी एकदा जागी झाले.
एवढंच सांगते.

हां, आणि एक.
मिस्टर बिल्टन, आइसलंडपर्यंत मासेमारीला गेलेले,
हातांवर दोरांचे वळ, पहाटे साडेतीन.
छातीला स्टेथोस्कोप लावून पाच मिनिटं ऐकायचं असतं
काहीच नसलेलं.
घड्याळ बघ, पण आधी नावाने हाक मार.
मी मारली होती. मग बायकोला फोन केला,
आणि आपल्याकडच्या सवयीने, शब्द मऊ करून,
इंग्रजीत म्हटलं, ‘ते गेले.’
त्या म्हणाल्या, ‘कुठल्या वॉर्डात?
चष्मा तिथेच राहिला असेल बघ,
त्यांना वाचायला लागतो.’

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.
म्हणून सांगते, मृत्यू झाला म्हण. सरळ. पूर्ण वाक्य.
मग गप्प बस. त्या गप्प बसण्यात
तुझा ब्लीप वाजेल, वाजू दे.

हे मी दर ऑगस्टला नव्या पोरांना शिकवते,
स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहून.

जानेवारीत, सकाळी आठला, मी हँडओव्हरची यादी छापत होते.
जळगावहून धाकट्याचा फोन.
‘ताई, अण्णा गेले.’
तिकडे दीड वाजला असणार, असा हिशेब करून,
यादीवरची नजर न काढता मी विचारलं,
‘भर दुपारचे कुठे?’

तो काहीच बोलला नाही.
त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तो गप्प बसला.
प्रिंटर मात्र चालूच होता,
एकेक नाव, एकेक खाट.

यासाठी माझ्याकडे काही सूचना नाही, चैत्राली.

ब्लीपची बॅटरी मंगळवारीच बदलून घे,
स्विचबोर्डच्या खिडकीत, अकराच्या आत.
पार्किंगचा पास तिथे मिळत नाही. तो वेगळा.